शंकरपाळीच्या आकाराची ढाल

१४ डिसेंबर
गोदाम रिकामे करताना भाडेकरू एक तसबीर मागे टाकून गेला होता. बाबांनी ती दिवाणखान्यात लावली. युरोपातले जुने छापचित्र, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर उठवलेले. मुकुट घातलेला पुरुष, शेजारी तरुण स्त्री. नावांची खालची पट्टी कुणीतरी कापलेली. राजेशकडचे आज आमच्या लग्नाची तारीख ठरवायला आले आणि तसबिरीपाशीच थबकले. त्याच्या आई, ज्यांना मी काकू म्हणते, म्हणाल्या, "अय्या, राजा-राणी!" बाबा लगेच, "न्या तुमीच. रुखवतात ठेवू."
माझे मत विचारले गेले नाही. तारखेबद्दलही नाही.

१८ डिसेंबर
भिंग घेऊन बसले. इतिहासाच्या वर्गात मुलांना सांगते तोच क्रम: प्रथम चेहरे विसरायचे, मग चिन्हे पाहायची. पुरुषाच्या डोक्यावर घराण्याची चिन्हे दाखवणारी ढाल, तिच्यात चार घरे: सिंह, मनोरा, मासा, पुन्हा सिंह. स्त्रीच्या डोक्यावरची ढाल मात्र तिरप्या चौकोनाची. हुबेहूब शंकरपाळी! आत तीच चार घरे, तोच क्रम.
किती सुंदर पुरावा! विवाहितेच्या ढालीचे उभे दोन भाग करतात, एकात नवऱ्याची चिन्हे, दुसऱ्यात माहेरची. विधवेचीही दुभंगलेलीच राहते. अखंड शंकरपाळी फक्त अविवाहितेची. म्हणजे ही त्याच घराण्यातली. वय जवळजवळ सारखे, तेव्हा मुलगी नव्हे. बहीण. राणी नव्हेच.
धावत बाबांना सांगितले.
"बाय, लोकांना जोडी दिसते ना? बस झाला."

९ जानेवारी
काकूंचा फोन. माझे नवे नाव ठरले: राज्ञी. "राजेशची राज्ञी! त्या चित्रावरूनच सुचलं गं." नारपोलीत पितळी पाटी कोरायला टाकली आहे, तसबिरीखाली लावायला. 'राजेश-राज्ञी'.
मी ढालीचे सर्व समजावले, सावकाश, टप्प्याटप्प्याने. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी, "छान शिकवतेस हं. पण तुझी ढाल कुठाय?"
हसल्या. मीही हसले.

११ जानेवारी
राजेशला भेटले. मला तो आवडतो, हीच तर अडचण. म्हटले, माझे हर्षला हे नाव तसेच राहू दे.
"मला काही प्रॉब्लेम नाही, यार. पण आईला तू सांग. मी मध्ये पडलो तर घरात रामायण."
लग्नात ताटातल्या तांदळात माझे नवे नाव कोण लिहिणार, असे विचारले.
"मीच. म्हणजे... लिहावंच लागेल ना."
पत्रिका वाटून झाल्या. हॉल ठरला. सगळे गोड बोलतात. कुणी दार लावलेले नाही आणि बाहेर जायला वाटही नाही.

३ फेब्रुवारी
पाटी आली. बाबांनी तसबिरीला ठोकली. कापल्या गेलेल्या नावाच्या जागी माझे न घेतलेले नाव. चित्रातली ती बिचारी दोन्हीकडून गेली.
आई शंकरपाळ्या कापत होती. एक उचलून ढालीची गोष्ट पुन्हा सांगितली. आई प्रथमच नीट ऐकत होती. मग म्हणाली, "मी विमल व्हते. तांदलाच्या ताटात वाचला तवा कलला, आता सुनंदा."
"तू काही बोलली नाहीस?"
"वाचाय सांगितला व्हता. बोलाय न्हाय."

५ फेब्रुवारी
दुपारी हळद लागली. बाहेर बँजो, बाया नाचत आहेत. उद्याचे ताट स्वयंपाकघरात तयार होते, तांदूळ एकसारखे पसरलेले. माझ्या बोटात साखरपुड्याची अंगठी. तिच्याच कडेने लिहिले: हर्षला. अक्षर बरे आले. फळ्यावर येते तसे.
मागे आई. कधीपासून उभी होती कोण जाणे. आता ताट हलवणार, असे वाटले.
तिने पदराला हात पुसले, बाजूचा जरीचा रुमाल घेतला आणि ताटावर अलगद घातला. एक दाणा हलू दिला नाही.
"पुसून लिवायचा का तसाच ठेवायचा, ता त्याला ठरवू दे."
बाहेरून, हळद घेऊन आलेल्या काकूंची हाक, "राज्ञी, अगं ये ना!"
रुमाल उद्या राजेशच काढणार.