फोटोतल्या बोकडाचं गिऱ्हाईक

नळदुर्ग, सोमवार

आदरणीय ज्ञानोबाराव यांस,
चाँदपाशाचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? कडूबाई वहिनींकडून तेल चोळून घेत असाल तर आता स्वतः चोळत जा, त्यांचाही हात दुखतो असं त्या म्हणाल्या होत्या. मी ठीक आहे. आमच्या आरिफची अम्मी गेली तेव्हा तुम्ही दोघं येऊन राहिलात, काही न विचारता नुसते शेजारी बसलात, त्याचा आधार वाटला. (एसटीत असताना स्टँडवर गाड्या पुकारण्यातच माझं सगळं बोलणं खर्च झालं, घरासाठी काही उरलं नाही, असं ती म्हणायची.) फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मला कमी ऐकू येतं म्हणून मी फोनवर ओरडतो, आणि मी ओरडलेलं आरिफच्या दुकानापर्यंत पोचतं. आता लिहितोय ते त्याला कळायला नको आहे.

आरिफचं मटणाचं दुकान हायवेला आहे, ते तुम्ही लांबूनच पाहिलंय. त्यानं यंदा एका कंपनीशी करार केला. मटण पाकिटात येतं आणि पाकिटावर तो ठिपक्यांचा चौकोन असतो. मोबाईल धरला की बोकड कुठला, चारा कोणता, लस कधी टोचली, कुणी पाळला, सगळं दिसतं. शहरात म्हणे लोक असं बघितल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत. आमच्या इथं पहिल्या गिऱ्हाइकानं तो चौकोन पैसे द्यायचा समजून मोबाईल धरला. "पैसं जाईनात, बोकड यायलाय," म्हणून त्यानं दुकान डोक्यावर घेतलं.

बोकड येतो तो एकटा येत नाही, हीच खरी अडचण. आरिफच्या अम्मीनं पाळलेल्या बकऱ्या कंपनीनं घेतल्या, म्हणून त्यांच्या पाकिटांवर मोबाईल धरला की अम्मीचा फोटो येतो. मांडीवर काळं पिल्लू, त्याच्या तोंडात तिचा पदर, आणि ती हसतेय. गिऱ्हाईक पाकीट उचलतं, मोबाईल धरतं, आणि हळूच खाली ठेवतं. परवा मी तिथं स्टुलावर बसलो होतो. एक ट्रकवाला म्हणाला, "आजींनी लई मायेनं धरलंय वो. ह्योच का त्यो?" आरिफ म्हणाला, "न्हाय भाऊ, फोटो एकाचाच आहे, घरच्या सगळ्या बकऱ्यांना तोच लावलाय." तो म्हणाला, "मग ह्यो त्याचा भाऊ असंल," आणि समोरच्या कोंबडीवाल्याकडं गेला. जाता जाता क्लीनरला सांगत होता, "तिथली कोंबडी कुणाची, कुठली, काय म्हायीत न्हाय. निवांत खाता येतं." ज्ञानोबाराव, मला त्याचा राग आला नाही. मलाही घास उतरला नसता. पण आरिफचं तोंड उतरलेलं बघवेना. आपल्या आईला लोक उचलून परत ठेवतायत, असं त्याला दिवसभर बघावं लागतं.

कंपनीच्या निकिताबाई सांगून गेल्या, की महिनाअखेरपर्यंत खप दिसला नाही तर माणसांचे फोटो काढून सगळीकडं हिरवं शेत लावू. आरिफ लगेच हो म्हणाला.  पण तुम्हाला माहीत आहे, आरिफची अम्मी फोटोला उभी राहिली की चेहरा दगडाचा व्हायचा. आधार कार्डावर तर फोटो काढणाऱ्याला रागावल्यासारखी दिसते. हसतानाचा हा एकच फोटो आहे, तोही त्या पिल्लानं निकिताबाईंचा कागद खाल्ला म्हणून निघाला. आणि तो आहे मटणाच्या पाकिटात! मोबाईल धरला तर दिसते, बाजूला केला की गेली.

म्हणून मी खप वाढवायचं ठरवलं. आपला रिक्षावाला बजरंग माझ्यासाठी पाकिटं आणतो. आरिफला सांगतो, अणदूरच्या एका साहेबांना हे बघून घेतलेलं मटण फार आवडतं. मला डॉक्टरांनी मटण बंद केलंय आणि सूनबाई मेहनाज दोन्ही वेळचा डबा पाठवते, त्यामुळं घरचा फ्रीज रिकामाच होता. आता त्याचं दार लागत नाही, पाठ टेकवून बंद करावं लागतं. लाईट गेली की माझा जीव घाबरा होतो. दाराशी मांजरं बसून असतात, त्यांना हाकललं तरी ती अशी बघतात, जणू सगळं ठाऊक आहे. निम्मी पाकिटं बजरंगाला देतो, तर तोही काल म्हणाला, "चाचा, बास करा. रोज मटण बघून बायको विचारायली, कुणाचा खून करून आलाव का."

आणि आता हे वाढलंय. आरिफ खूष होऊन निकिताबाईंना सांगून बसला, की एक गिऱ्हाईक कायमचं लागलंय. येत्या शनिवारी बाई त्या अणदूरच्या साहेबांची मुलाखत घ्यायला कॅमेरा घेऊन येतायत. आरिफनं दुकानाला रंग लावायला काढलाय. मला झोप नाही.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. गुडघा जपा.

तुमचा,
चाँदपाशा

ता. क. शनिवारी अणदूरचे साहेब तुम्ही व्हावं. तुमच्या गळ्यात माळ आहे हे मी विसरलो नाही, त्यात शनिवार, तेही कळतं. खायचं नाही, हात लावायचा नाही. "कुठून आलं ते दिसतं, म्हणून विश्वास वाटतो," एवढंच म्हणायचं. माळ सदऱ्याच्या आत राहिली तर बरं.

ता. क. २. वरचं रद्द समजावं. पत्राचं पाकीट चिकटवत होतो तोवर आरिफ डबा घेऊन आला आणि पाण्यासाठी त्यानं फ्रीज उघडला. त्यानं एक पाकीट बाहेर काढलं. मग म्हणाला, "अब्बा, फोटो होना था तो बोलना था ना." त्यानं माझा मोबाईल घेऊन एका पाकिटावर धरला, दोन ठिकाणी बोट दाबलं, आणि ती माझ्या मोबाईलमध्ये आली. आता बाजूला केला तरी जात नाही. एवढं सोपं असतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. निकिताबाईंना तो खरं काय ते कळवणार आहे. हिरवं शेत लागू दे.

ता. क. ३. तरीही शनिवारी याच. गिऱ्हाईक म्हणून नव्हे. फोटो जवळ आहे, पण एकट्यानं बघवत नाही, आणि आरिफला दाखवला की तो दुसरीकडं बघतो. वहिनींना घेऊन या. तुळजापूरला गाडी बदलताना शनिवारी गर्दी असते, म्हणून शुक्रवारीच निघालात तर बरं.