साठ माणसं आणि एक नळ

आई, तुला आणि अण्णांना वाकून नमस्कार.

आम्ही नऊही जणी मजेत आहोत. तंबू पक्का उभा आहे. दोरी ओढताना माझा तळवा थोडा सोलला, पण काळजी करू नकोस. अण्णांचा खोकला कमी झाला का?

वन विभागाच्या या स्वस्तातल्या तळावर साठ माणसांना एकच नळ आहे. आज सकाळी तिथे मोठमोठ्या सोसायट्यांमधली माणसं हमरीतुमरीवर आली. मी मध्ये पडणार, तेवढ्यात आपल्या अभ्यासवर्गातली मनवा पुढे झाली.

"काका, भांडताय काय? बादल्या लायनीत लावा आणि खुशाल फिरून या!"

आठही मुली कामाला लागल्या. आधी प्यायचं पाणी, मग भांडी, शेवटी आंघोळी. तासाभरात सगळ्यांचं पाणी भरून झालं.

तळाची देखरेख करणाऱ्या मीराबाईंनी विचारलं, "कुठल्या शाळेत शिकवलं गं हे?"

"शाळेत नाही, लालबागला, चाळीत!" मनवा म्हणाली, आणि अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

मीराबाई म्हणतात, आणखी एक दिवस राहा. पण मुलींच्या घरच्यांनी उद्यापर्यंतच सोडलंय, तेही तुझ्या शब्दावर. आठ मुली हिला एकटीला कशा झेपणार, असंच सगळे म्हणत होते ना?

इथे मोबाईल लागत नाही. इथे तळावर कामाला असलेला माझा वर्गमित्र उन्मेष सामान आणायला परळला येतोय आणि रात्री परत फिरतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. तू आठही घरी आणखी एका दिवसाचं विचार आणि त्याच्यापाशी निरोप दे. विचारताना आवाज खाली ठेवू नकोस. सरळ सांग, मुलीच सुमेधाला सांभाळताहेत.

आनंदाने फुगलेली तुझी,
सुमेधा