अर्ध्या घराची खुशाली

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात समज. फरशी अर्धीच पुसलेली आहे आणि मी कोरड्या अर्ध्यात बसून लिहितेय.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला गेला, की तुम्हाला त्याची सवय झाली? आम्ही सगळे इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

फोन सोडून पत्र का, तर आपल्या तीन खोल्यांत कुठेही उभं राहून बोललं तरी बाबांना ऐकू जातं, आणि बोलायचंय ते तुझ्या या धाकट्या भावाबद्दलच.

आत्या, तू रोज सकाळी घरच्या ग्रुपवर एकेक युक्ती टाकतेस. काचा वर्तमानपत्राने पुसा, बुटांना केळ्याची साल चोळा, कुंड्यांना तांदूळ धुतलेलं पाणी घाला. इतकी वर्षं आम्ही सगळे त्याला अंगठा दाखवून पुढे जात होतो आणि घर सुखात होतं. (राग मानू नकोस, अंगठा मनापासून असायचा.) मग बाबा रिटायर झाले आणि तुझ्या युक्त्या पहिल्यांदाच कुणीतरी वाचल्या.

वाचायलाही हरकत नव्हती. पण हा माणूस जन्मभर रंगाच्या कारखान्यात माल तपासत होता. तिथे पत्र्याच्या पट्टीवर अर्ध्या भागाला रंग द्यायचा, अर्धा कोरा ठेवायचा आणि दोन्हींचं काय होतं ते बघत बसायचं. नोकरी सुटली, ही सवय मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. त्यामुळे आता आमच्याकडे कुठलीही युक्ती अर्धीच होते. उरलेला अर्धा भाग 'तुलनेसाठी'. खिडकीची डावी काच लख्ख, उजवीतून समोरची बिल्डिंग अंदाजाने ओळखायची. बाबांचा एक बूट चमकतो, दुसरा सुतकात असल्यासारखा त्याच्या शेजारी चालतो. गॅलरीत डावीकडच्या कुंड्या तांदळाचं पाणी पिऊन माजल्यात, उजवीकडच्या माझ्याकडे बघतात. (मी एकदा त्यांना चोरून अर्धा तांब्या घातला. बाबांनी माती चाखून पकडलं.)

भाजीत मीठ जास्त झालं तर कच्चा बटाटा टाका, असं तू लिहिलं होतंस ना? त्या दिवशी आईची भाजी नेमकी चांगली झाली होती. आता खारट भाजीशिवाय युक्ती तपासणार कशी? म्हणून बाबांनी आधी तिच्यात मूठभर मीठ टाकलं, मग तिचे दोन भाग केले आणि एकात बटाटा सोडला. बटाट्याशिवायचं पातेलं 'तुलनेसाठी' माझ्या वाट्याला आलं. निकाल असा की दोन्ही भाज्या खारट, शिवाय एक बटाटाही खारट. बाबांचा चेहरा मात्र असा, की आजचा दिवस सत्कारणी लागला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण तू दही-हळदीची युक्ती टाकलीस. रविवारी दुपारी आई दमून खुर्चीत पडली होती. म्हणाली, जरा तोंडाला लावून द्या, मी डोळे मिटते. आणि झोपली. बाबांनी काय केलं असेल ते तुला कळलंच असेल, तू त्यांना मांडीवर खेळवलंयस. उजवा गाल, नाकाच्या शेंड्यापर्यंत. मधली रेष इतकी सरळ की पेंटरने हात जोडावेत. हळद सढळ पडली होती, ती साबणाने जाईना. सोमवारी आईच्या ऑफिसात (ती पाणीपट्टीच्या खिडकीवर बसते, आख्खा गाव तिच्या तोंडाकडे बघून पैसे भरतो) नवीन ओळखपत्रांसाठी फोटोवाला येऊन बसलेला. तो तिला म्हणाला, "मॅडम, जरा उजेडाकडे वळा, एका बाजूला काहीतरी येतंय." मॅडम वळल्या. ते वळल्यावरही आलं. कार्ड पाच वर्षं चालतं.

तेव्हापासून आईचा अबोला आहे. एका टेबलावर बसून ती मला म्हणते, त्यांना सांग, मीठ इकडे द्या. बाबा मीठ देतात आणि मला म्हणतात, सांग, दिलं. मी घास हातात धरून दोघांचं सांगत बसते आणि जेवण गार होतं. काल बाबांनी मला गॅलरीत गाठलं. एकदम बारीक आवाजात म्हणाले, "ती बोलत नाही तर घर खायला उठतं गं. तिला एवढंच विचार, उजवा गाल मऊ झालाय का?" मी विचारलं. आईने दार लावून घेतलं.

तर दोन मागण्या. एक, त्यांना महिनाभर तुझ्याकडे बोलव, तोवर आईचा राग उतरेल. दोन, युक्त्या बंद कर. अगदी राहवलं नाही तर काकांना कानात सांग.

तुझी भाची
(आख्खी)

ता. क. १ : बोलवायची गरज उरली नाही. मीच धीर करून बाबांना तुझ्याकडे जा म्हटलं आणि ते लगेच बॅग भरायला बसले. बॅगेत अर्धे कपडे घडी करून, अर्धे गुंडाळी करून. (गुंडाळीची युक्ती कुणाची ते सांगत नाही.) आई तिथून जात होती. थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट त्यांनाच म्हणाली, "अहो, इस्त्रीचा शर्ट कुणी गुंडाळतं का?" बाबा गडबडले आणि माणसाने अशा वेळी जे विचारू नये तेच विचारलं, की गाल मऊ झालाय का. मी डोळे मिटून घेतले. आई म्हणाली, "हात लावून बघा. दोन्हीला लावा, नाहीतर तुलना कशी करणार?" मी गॅलरीत जाऊन कुंड्या मोजत बसले.

ता. क. २ : दोघंही येतायत. आई म्हणते, यांना एकट्याला पाठवलं तर ताईंच्या घराचं काय करतील. तुझ्या काचांची काळजी घे. पत्र बाबांच्याच हाती देतेय. पाकीट अर्धंच उघडलेलं दिसलं तर काय ते समज.

ता. क. ३ : वरची दुसरी मागणी रद्द. मी आईसमोर छाती ठोकून सांगून बसलेय की महिनाभर घर मी बघते, त्यामुळे तिला विचारायची सोय नाही. एका वाटी तांदळाला पाणी किती घालायचं ते उद्या सकाळी ग्रुपवर टाक. रोजच्यासारखं, सहज टाकल्यासारखं. अंडं किती वेळ उकडायचं ते परवा टाकलंस तरी चालेल.