एकटीने पाहिलेलं पाखरू

ती. आईस, लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, खोकलाही गेला. तुझा गुडघा कसा आहे?

रविवारी इथल्या मित्रमंडळींबरोबर पक्षी बघायला होडीने समुद्रात आत गेले होते. लाटांनी पोट जरा ढवळलं (काळजी करू नकोस), म्हणून मी मागच्या कठड्यावर ओणवी झाले होते. बाकीचे पुढे कुरव पक्षी बघत होते. तेवढ्यात माझ्यासमोर वादळी पाखरू आलं, भर समुद्रात राहणारा, क्वचितच दिसणारा पक्षी! काळं, इवलंसं, शेपटीशी पांढरा पट्टा, पाण्यावर पाय टेकवत चालल्यासारखं. मी ओरडले. सगळे धावत येईतो ते लाटेआड गेलं.

मी वर्णन करून सांगितलं. आमचा म्होरक्या दातांचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, "बाई, तुम्ही इतकं झकास सांगता की मलाही दिसायला लागलं. म्हणूनच ते आपल्या यादीत धरता येत नाही." आणि सगळे हसले!

आई, माझं रक्त उसळलं. चाचरत सांगितलं असतं तर खरं ठरलं असतं? चांगलं बोलणं हा खोटेपणाचा पुरावा कधीपासून झाला? चौघांनी माना डोलावल्या की खरं आणि एकीने पाहिलं की खोटं, हा कुठला न्याय? हे मी तिथेच सुनावलं. तर डॉक्टर म्हणाला, "घ्या, भाषण सुरू!"

इथे माझी म्हणावीत अशी ही चारच माणसं. आता बोलावतात की नाही, कोण जाणे.

मी तिखटमीठ लावते, कबूल. पण नसलेलं कधी सांगितलंय? तुला पटलं असेल तर तेवढंच कळव. बाबांना विचारू नकोस, ते हसतील.

तुझी,
पाखरू खरंच पाहिलेली लेक