आबांच्या गव्हातलं कडं

११ फेब्रु.
पुन्हा तोच फोटो. आज किती वेळा उघडला, मोजलं नाही. चुलतबहिणीच्या लग्नात अल्ताफभाईंनी मांडवावरून ड्रोन उडवला होता. खाली वऱ्हाड, डाव्या कोपऱ्यात आबांचा गहू, आणि गव्हात फिकट पिवळं कडं. एकदम गोल. मधोमध गडद हिरवा ठिपका. सगळे नवरी बघतायत, मी गहू.
जमिनीखाली वीट-दगड असला की वरचा गहू आधी पिवळा पडतो, जुना खड्डा बुजलेला असला की उशिरापर्यंत हिरवा राहतो. हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. स्वतःच्या गावात पहिल्यांदा पाहिलं.
कडं म्हणजे विटांचा घेर. ठिपका म्हणजे मधली अस्थी ठेवण्याची जागा. स्तूप.

१३ फेब्रु.
आबांकडे. शेत त्यांचं. मूळ मालक अंबडला निघून गेले तेव्हा यांनी विकत घेतलेलं. चष्मा लावून फोटो नीट पाहिला, चहा पाजला, मग सांगितलं की गहू निघाला की तिथंच शेततळं. पोकलेन ठरलीय. मागच्या उन्हाळ्यात विहीर आटली, मोसंबीची निम्मी बाग वाळली. बागेच्या वरच्या अंगाला जागा तेवढीच, आणि तिथं नाही तरी पीक धड येत नाही म्हणाले.
म्हणजे माझ्या हातात गहू निघेपर्यंतचे दिवस. आबांनी मोसंबी दिली पिशवीभर. नको म्हणता आलं नाही.

१७ फेब्रु.
जालना. पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना अर्ज दिला, फोटो जोडला. साहेब भले निघाले, तेच वाईट. खेकसले असते तर निदान भांडलो असतो. एका फोटोवर कुणाचं काम थांबवता येत नाही, दुसऱ्या वेळेचे, दुसऱ्या उजेडातले फोटो आणा, आणि परवानगीशिवाय खुरपंसुद्धा लावू नका. माणूस बरोबर बोलला.
येताना एसटीत उभा. तासिका तत्त्वावरच्या मास्तराच्या अर्जाला कोण विचारतो.

२२ फेब्रु.
चूक केली. विहारात वंदना झाल्यावर बोलून गेलो. ‘असू शकेल’ म्हणालो होतो. शपथेवर सांगतो, ‘असू शकेल’च म्हणालो. संध्याकाळी बांधावर पंचशील ध्वज, मेणबत्त्या, फुलं. एका म्हाताऱ्यानं माझे पाय धरले. मला रडू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं.
आबा फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून लांबून वळसा घालून गेले.

२६ फेब्रु.
अल्ताफभाईंना घेऊन दोनदा ड्रोन उडवला. सकाळी आणि उन्हं कलल्यावर. कडं आहे. आधीपेक्षा ठळक.
पण त्याची बाहेरची कड पुसट आहे. भिंत असती तर रेघ ओढल्यासारखी दिसायला हवी. अल्ताफभाईंनी विचारलं, "सर, बराबर आलं ना?" बराबर आलं म्हणालो. कडेचं कुणालाच सांगितलं नाही.

१ मार्च
आत्याकडे गेलो. ऐंशीच्या पुढची, पण नजर शाबूत. लॅपटॉप पुढ्यात धरला. काय दिसतं, एवढंच विचारलं.
"खळं हाय की ह्ये."
कशावरून?
"मधी मेढीचं भोक दिसून राह्यलं. बैलाची पात फिरायची तिथं. तुझा आजा बांधाला बसून राह्यचा. रास उचलली की खालची झाडलोट आपली."
मेढ म्हणजे मळणीसाठी खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. बैल वर्षानुवर्षं त्याच्याभोवती फिरले, जमीन दगड झाली, मुळं खाली जात नाहीत, गहू पिवळा. मेढीचं भोक मऊ मातीनं बुजलं, तिथं हिरवा. सगळं जुळतं. फळ्यावरचं माझंच गणित.
शहरातल्या विद्वानाला खळं दिसलं नसतं तर समजू शकतो. मी त्या खळ्याच्या बांधाला, सांडलेल्या दाण्यांसाठी बसणाऱ्याचा नातू. मला जमिनीत बुद्ध दिसला, आजा दिसला नाही. आत्यानं भाकरी वाढली. उठून जायचीही लाज वाटली, बसूनच राहिलो.

४ मार्च
बुडत्याला काडीचा आधार. आत्याला पुन्हा विचारलं, खळं नेमकं तिथंच का केलं?
"तिथं नांगर अडकायचा म्हनं. पीक यीना, मंग खळं केलं."
नांगर कशाला अडकायचा? दगडाला? विटांना? की नुसत्या मुरमाला? आत्याला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं ते गेले.
म्हणजे खळं आहेच. त्याच्या खाली काही असेल, नसेल. फोटो दोन्हीला हो म्हणतो. लॅपटॉप विहिरीत टाकावा वाटलं. वस्तीतली माणसं रोज विचारतात, सर, काय म्हणतं जालना? त्यांना खळ्याचं सांगायला तोंड उघडतो आणि दुसरंच काहीतरी बोलतो.

९ मार्च
हार्वेस्टर येऊन गेलं. गहू निघाला. कडं गेलं. खाली एकसारखं धसकट, जसं कधी काही नव्हतंच.
साहेबांना फोन केला. पाहणी होईल, पण परवानगीला महिने लागतील. तोवर मालकाला विनंती करा म्हणाले. पोकलेन परवा.

११ मार्च
आली. सकाळीच. वस्ती सगळी बांधावर. कुणी ओरडत नव्हतं, नुसतेच उभे. आबांनी ड्रायव्हरला मशीन बंद करायला लावली, आधी जेवून घे म्हणाले. मला बाजूला घेतलं.
"सर, फोटोतलं मला काय बी कळत न्हाई. तुमी शिकल्याले. हाय म्हनलात तर मी हात लावीत न्हाई. बाग गेली तर गेली. नसंल तर न्हाई म्हना, या लोकायला मी समजावतो."
एवढंच. ना कागद, ना साक्षीदार. एवढे दिवस मी हेच मागत होतो, की कुणीतरी माझ्या शब्दावर थांबावं.
हो म्हणालो तर एका अंदाजापायी उरलेली झाडंही पुढच्या उन्हाळ्यात जातील. नाही म्हणालो आणि पोकलेनच्या बादलीत वीट आली तर ते मी कुठं घेऊन जाऊ. माहीत नाही, हे खरं उत्तर. पण ते ऐकलं तर आबा मोसंबीकडे बघून काम सुरू करतील, वस्ती माझ्याकडे बघत राहील. खळ्याचं अजून दोघांनाही सांगितलेलं नाही.
थोडा वेळ द्या म्हणालो आणि बांधावर येऊन ही वही उघडून बसलो. ड्रायव्हर डबा झाकतोय. आबा समोर उभे आहेत, घाई करत नाहीत. त्यांना वाटतंय, सर वहीत बघून सांगणार आहेत.