वेंडेलमामाच्या पँटचं बटण

टू हार्बर्स, मिनेसोटा
१२ ऑक्टोबर १९९८

चि. वेंडेल यास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून पत्र. चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या विधीची भेट म्हणून तू आमच्या ब्रिटाच्या दातांना फुकट तारा बसवल्यास, त्याबद्दल चर्चच्या तळघरात सगळ्यांसमोर तुझे आभार मानून झाले. आता तक्रार ऐक. पोरीचे ओठ सुजलेत, कोपरे चिरलेत, हिरड्या लालभडक झाल्यात. विचारलं की म्हणते, ठीक आहे. भेटीला नावं ठेवायची नाहीत हे आपणच शिकवलंय, तेव्हा ती सूप गार करून पिते आणि ठीक आहे म्हणते.

नाताळच्या कार्यक्रमात तिला एकटीने ट्रम्पेट वाजवायचाय. फुंकायला गेली की ओठातून रक्त येतं. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत बरं वाटलं नाही तर बँडचे मास्तर ते काम दुसऱ्या कुणाला देणार आहेत. ती रोज ट्रम्पेट पेटीतून काढते, पुसते आणि परत ठेवून देते. मला ते बघवत नाही. उन्हाळ्यात तिचे कान टोचले तेव्हा कानही असेच चिघळले होते. धातूच सोसत नसेल का तिला?

डोरीनला आठवण सांग. पत्र कडू लागलं तरी लोभ गोड ठेव.
तुझी ताई,
आर्डिस


डुलुथ
१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
वेंडेलचा सा. न. वि. वि.

तुझं निदान वाचून डोरीनची आणि माझी चांगली करमणूक झाली. दातांवर चिकटवलेल्या चकत्या उत्तम पोलादाच्या आहेत. त्यात निकेल असतं, पण ते पोलादात घट्ट बसलेलं असतं, तोंडभर भटकत फिरत नाही. तार निकेल आणि टायटॅनियमची आहे. तोंडाच्या उबेने ती आपल्या मूळ आकाराकडे वळते आणि दातांना सोबत नेते. निम्मं निकेलच आहे तिच्यात, पण इतक्या वर्षांत माझ्या खुर्चीतल्या एकाही पोराने तक्रार केलेली नाही. कान कानाच्या जागी, दात दाताच्या जागी.

खरं कारण अस्वच्छता. ब्रिटा दात नीट घासत नाही. मागच्या खेपेला मी बाहेर बसलेल्या लोकांदेखत तिला बजावलंही, की रोज नेमाने घास, आळस केलास तर असंच होणार. ट्रम्पेट राहिला तर आभाळ कोसळत नाही.

घरातल्या डॉक्टरवर थोडा विश्वास आणि पुष्कळ लोभ असावा.
तुझा,
वेंडेल


टू हार्बर्स
२६ ऑक्टोबर

चि. वेंडेल यास,
आशीर्वाद, पण या खेपेला जरा हात आखडून.

तुझ्या खुर्चीतल्या एकाही पोराने तक्रार केली नाही, कारण ती सगळी मिनेसोटातली आहेत. आपल्याकडे माणूस बर्फ फुटून तळ्यात पडला तरी वर बघून म्हणतो, तुमचं जेवण होऊ द्या, मी आहे इथे. आणि आळसाचं म्हणशील, तर तू लोकांदेखत बोललास तेव्हापासून ब्रिटा रक्त येईपर्यंत दात घासते. मला याचा फार राग आलाय.

आता जरा खासगी. तू पँटला बकलाचा पट्टा का लावत नाहीस? खांद्यावरून पट्टे घेऊन म्हाताऱ्या शेतकऱ्यासारखा का हिंडतोस? लहानपणी जीन्सचं बटण बेंबीपाशी टेकलं की तुझी कातडी लाल व्हायची आणि तू भर चर्चमध्ये खाजवत बसायचास. धातू कातडीला लागू नये म्हणून आई त्या बटणाला आतून नेलपॉलिश लावायची. लग्नानंतर ते काम डोरीनकडे गेलं. गेल्या थँक्सगिव्हिंगला भांडी पुसताना तिनेच सांगितलं, अजून लावते म्हणून. त्या बटणातही निकेलच असतं, डॉक्टरसाहेब. जन्मभर लोकांच्या तोंडात धातू बसवलास, स्वतःच्या पोटाला कधी विचारलं नाहीस. बेंबी बेंबीच्या जागी, हे मला मान्य आहे.

ब्रिटाला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेतेय. पाठीवर निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या चिकटवून बघणार आहेत.

लोभ आहे. नेलपॉलिशच्या थराइतका.
आर्डिस


टू हार्बर्स
१४ डिसेंबर

ती. वेंडेलमामास,
ब्रिटाचा सा. न. वि. वि.

काल कार्यक्रम छान झाला. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात, म्हणून मी तुमच्याकडे बघितलंच नाही, नाहीतर हसू आलं असतं आणि सूर गेला असता. ओठ आता अजिबात दुखत नाहीत. पाठीवर निकेलची पट्टी होती तिथला डाग मात्र अजून गेलेला नाही. आई तो पाहुण्यांना दाखवते.

तपासणीत निकेलच निघालं, तेव्हा तुम्ही त्या दिवशी जुन्या तारा स्वतः काढल्यात, चिनी मातीच्या चकत्या आणि निकेल नसलेली तार बसवलीत, आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांदेखत माझी माफी मागितलीत. मला फार बरं वाटलं. तेव्हाही मी ठीक आहे एवढंच म्हणाले, पण त्या दिवशी ते खरं होतं.

सोबत नाताळची भेट पाठवतेय. बिनरंगी नेलपॉलिश, मोठी बाटली. डोरीनमामीला त्रास देऊ नका, स्वतः लावा. रोज नेमाने लावा, मामा. आळस केलात तर असंच होणार.

लोभ असावा, खाज नसावी.
तुमची भाची,
ब्रिटा