सोबतीण हवी, खरं बोलणारी

प्रिय सावळे,

धसईहून तुझ्या पंढरीदादाचा आशीर्वाद. फोन असताना पत्र कशाला, म्हणून तू हसशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? शिवाय बोलता बोलता माझा शब्द हरवतो. कागदावर तो थांबून शोधता येतो. नाहीच सापडला, तर तुझी वहिनी गोजा पलीकडे वालाच्या शेंगा सोलत बसलीय, तिला विचारता येतो.

मी मजेत आहे. भातगिरणी आता आपला दिपेश बघतो. पोराने बापाला हाकललं असं समजू नकोस, मीच चावी दिली. मंगळ्याचं बारीक भात मी दुसऱ्याच्या जाड्या भातात ओतलं, त्याच दिवशी. उभ्या जन्मात माझ्या हातून गिऱ्हाइकांच्या भाताची सरमिसळ झाली नव्हती. मंगळ्या बिचारा भांडला नाही. "होतंय रे" म्हणाला, आणि तेच मला झोंबलं. मग तपासण्या झाल्या, आणि अल्झायमर घरात आला. गोजाला ते नाव घेता येत नाही, ती "तुमचा तो पाव्हना" म्हणते.

तुला सांगितलंच होतं, मुंबईच्या एका इस्पितळात या रोगावरच्या नव्या औषधाची चाचणी चाललीय आणि त्यात मला घेतलंय. महिन्यातून एकदा जायचं, हाताला बाटली लावून पडायचं. गंमत अशी, की काहींना खरं औषध आणि काहींना नुसतं पाणी. कोणाला काय, ते आम्हालाही माहीत नाही आणि तिथल्या मिताली डॉक्टरांनाही नाही. शेवटी सगळ्यांचं ताडून बघतील, तेव्हा औषध गुणाचं की नाही ते कळेल. म्हणून अधूनमधून माझी परीक्षा घेतात. शब्द ऐकायचे आणि थोड्या वेळाने सांगायचे, घड्याळाचं चित्र काढायचं. घरच्या माणसाला वेगळं बसवून विचारतात, हे काय विसरतात, कुठे चुकतात. त्या माणसाला तिथे 'सोबती' म्हणतात.

आता तुझ्या वहिनीचा प्रताप ऐक. नापास झालो तर मला काढून टाकतील, असं तिने मनाशी घेतलं. दाराआड उभं राहून तिने ते शब्द पाठ केले. मग रोज संध्याकाळी चहा झाला की मला ओटीवर बसवायची. "बोला, खुर्ची, कोथिंबीर, नदी." घड्याळं तर इतकी काढून घेतली, की दुकान टाकता आलं असतं. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, "नाय वो, काय इसरत नाय ते." त्याच आठवड्यात मी गिरणीत जायला निघालो होतो आणि मुरबाडच्या एसटीत जाऊन बसलो होतो. कंडक्टर ओळखीचा, म्हणून घरी आलो. पण परीक्षेत माझे मार्क वाढले! डॉक्टर खूश झाल्या, गोजाने आळीभर पेढे वाटले.

मला काही तो पेढा गोड लागला नाही. मार्क गोजाचे होते, औषधाचे नव्हते. उद्या हे औषध बिनकामाचं असलं आणि आमच्या पाठांतरावर पास झालं, तर कोणाची तरी आई त्याच्या भरवशावर बसेल. आपली आई आठवते ना? बाबा गेल्यावरही दुपारी भाकर बांधून त्यांच्यासाठी शेतावर निघायची. तू म्हणायचीस, "आये, बाबा गेले ना गो," आणि ती दर वेळी नव्याने रडायची. मी म्हणायचो, "आये, ते आताच जेवले," की गप बसायची. त्यावरून आपलं किती वाजायचं! लोक म्हातारचळ म्हणून मोकळे झाले. औषध असू शकतं, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि हे दुखणं आईकडून आलं असेल, तर माझ्यामागे तुझाच नंबर आहे, बाई.

मी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. ती परीक्षा धरणार नाहीत, पुढच्या वेळी शब्द बदलतील. पण बघितलं तेच सांगणारा सोबती आणा म्हणाल्या, नाहीतर मला चाचणीतून काढावं लागेल. गोजा दोन दिवस फुगून होती. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना तीच म्हणाली, "मंग सावळीवन्संना बोलवा. त्या काय तुमची गय करायच्या नायत."

खरं आहे. मी सहावीत नापास झालो, ते मी घरी पोचायच्या आधी तू बाबांना सांगितलं होतंस. गोजाला बघायला गेलो, तिथे पोहे खाता खाता "दादा घोरतो आणि तापट पण हाय" हे तुला कोणी विचारलं होतं का? तरी ती आली, हे माझं नशीब.

म्हणून हे पत्र. तुझी अंगणवाडीची नोकरी संपली, आता तानशाला एकटी बसून काय करतेस? इकडे राहायला ये, माझी सोबतीण हो. मी काय विसरलो, कोणावर उगाच ओरडलो, सगळं डॉक्टरांना सांग. एखाद्या दिवशी तुलाच ओळखलं नाही, तर तेही सांग. रडू आलं तरी सांग. पण सावळे, घरी मला मात्र खरं सांगू नकोस. घरात माझ्यासारखी वाग, आईशी मी वागायचो तशी. मी गिरणीची चावी मागायला लागलो, तर एवढंच म्हण, "दादा, आज लाइट नाय. उद्या बघू."

तुझाच,
पंढरीदादा